शनिवार, पावणेपाच

१२ जानेवारी, रविवार

ही वही लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या डॅरेलच्या सांगण्यावरून. मला रोजनिशीचं वेड कधीच नव्हतं. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं बेअरिंगला कान लावून कुठलं कधी बसणार ते सांगत आलो, पण लिहून ठेवायचं काम दुसऱ्याचं होतं. डॅरेलचं म्हणणं, लॅपटॉप बंद पडला की वेळ लिहायची, तापमान लिहायचं, त्या वेळी घरात काय चाललं होतं ते लिहायचं. फालतू वाटलं तरी लिही, असं दोनदा म्हणाला. मी काय फालतू गोष्टी लिहिणारा माणूस आहे?

लॅपटॉप माझ्या मुलीचा, सेन्याचा. नऊ वर्षांपूर्वी कॉलेजात असताना गेम खेळायला घेतलेला, विटेसारखा जड, झाकणावर लाल दिवे. व्हाइटहॉर्सला, कॅनडाच्या पार उत्तरेला, गेली तेव्हा इथंच कपाटात टाकून गेली. तिकडे ती हायवेवरचा बर्फ काढायची गाडी चालवते. इर्माला, म्हणजे तिच्या आईला, जाऊन चौदा महिने झाले. अंत्यविधीनंतर आठवड्याने सेन्याने फोनवर एक गोष्ट विचारली आणि मी फोन ठेवून दिला. मग वर्षभर तिचा आवाज नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला अचानक निरोप आला की कपाटातला लॅपटॉप काढ, त्यात अमुक गेम घाल, शनिवारी तुझ्या घड्याळात चार वाजता ये. खाली लिहिलं होतं, फोनवर मी बोलणार नाही, तू ठेवून देतोस.

गेम टगबोटीचा. एकाने वर सुकाणू धरायचं, दुसऱ्याने खाली इंजिन सांभाळायचं. एकट्याला ती बोट चालवताच येत नाही, मुद्दाम तशीच केलीय. इंजिन माझ्याकडे, कानाला हेडफोन, खेळता खेळता बोलता येतं. हात कामात असले की आमच्या दोघांच्या तोंडाची कुलुपं जरा सैल होतात. पहिले तीन शनिवार छान गेले. त्यानंतर लागोपाठ तीन शनिवार लॅपटॉप मध्येच मेला. काल पावणेपाचला. आधी ना धूर, ना कुरकुर, ना निळा पडदा. मेला तो मेलाच. पुन्हा चालू होऊन जोडला जाईपर्यंत सेन्या निघून गेलेली असते.

कुठेतरी पाणी मुरतंय. मी शोधून काढीन.

१४ जानेवारी, मंगळवार

डॅरेलचं दुकान म्हणजे मासेमारीच्या गळांच्या दुकानामागची खोली. त्याने लॅपटॉप उघडला तर पंख्यात नमद्यासारखा धुळीचा थर. त्यात केस. आमच्याकडे कधी कुत्रा नव्हता. केस कुणाचे, विचारलं तर म्हणाला, लोकरीचे असतील, तुझ्याच स्वेटरचे. असतील. धूळ काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. तापमान ९१ वरून ७८ वर आलं.

पण एक गोष्ट खटकली. मेमरीच्या पट्ट्या तपासायला तो वीस मिनिटं पडद्यामागे गेला. माणूस सरळ असेल तर पडदा कशाला? नाताळाच्या दोन दिवस आधी बॅटरी फुगली होती, ती त्यानेच काढली. या मॉडेलची नवी मिळत नाही म्हणाला, अडॅप्टरवर चालेल, फक्त पिन हलवू नको. तेव्हापासूनच हे सुरू झालंय. चांगला भाग काढून जुना घातला नसेल कशावरून? घरी येऊन दोन्ही पट्ट्यांवर नखाने खूण करून ठेवली.

१८ जानेवारी, शनिवार

४:४६. चौथ्यांदा. तापमान ७४, म्हणजे गरम होऊन नाही. पिन हलली नाही, मी टेपने चिकटवली होती. यंत्राच्या आतल्या नोंदीत नेहमीचं एकच वाक्य, मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नाही. ते मलाही दिसलं होतं.

आज वेळही वाईट. दोन बार्जेस, म्हणजे मालाच्या सपाट नावा, ओढत आम्ही धक्क्याजवळ आलो होतो आणि सेन्या हळूच म्हणाली, "बाबा, मला त्या मंगळवारबद्दल विचारायचंय." मी हं म्हणालो. तेवढ्यात टेबलावरच्या दिव्याने डोळा मिचकावला आणि पडदा काळा. तिला लिहून कळवलं की मशीन मेलं. तिचं उत्तर आलं, बरं.

नुसतं बरं. डोक्यात तिडीक गेली. माझ्या बहिणीने, हेल्वीने, सौना तापलाय म्हणून हाक मारली, परसातल्या त्या वाफेच्या खोलीत जाऊन बसलो, तापल्या दगडांवर चार डबे पाणी ओतलं तेव्हा कुठे शांत झालो. त्या दिव्याचा बल्ब बदलायला हवा.

२१ जानेवारी, मंगळवार

आज लॅपटॉपला तीन तास दामटलं. त्यासाठी एक प्रोग्राम असतो, तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींना पूर्ण ताण देतो. पंखा विमानासारखा ओरडत होता. तापमान ८३. काही झालं नाही. सकाळभर मेमरीची तपासणी चालवली, एक चूक नाही. नखांच्या खुणाही जागच्या जागी आहेत. म्हणजे डॅरेल सुटला. तूर्तास.

मंगळवारी तीन तास राबणारं यंत्र शनिवारी पाऊण तासात का मरतं? आणि घड्याळ लावल्यासारखं पावणेपाचलाच? गिरणीत असं कधी पाहिलं नाही. बेअरिंगला वार कळत नाही. वार माणसांना कळतो.

सेन्याबरोबर राहतो तो डॅमियन संगणकाचंच काम करतो. घरबसल्या लांबची मशीनं बंद-चालू करतो, असं तिनेच सांगितलं होतं. आमचं बापलेकीचं बोलणं सुरू झालेलं त्याला खुपत असेल? अंत्यविधीला माझ्याशी फार साळसूदपणे वागला होता. माझा कोट धरला होता.

२५ जानेवारी, शनिवार

४:४७. पाचव्यांदा.

आज मी पूर्ण बंदोबस्त केला होता. बाहेर उणे एकतीस, तरी ट्रकच्या इंजिनाच्या हीटरची वायर काढली. किटली काढली. तळघरातला फ्रीझर बंद केला, हेल्वी ओरडली, तिचे व्हाइटफिश आहेत त्यात. घरात जे जे वीज खातं ते सगळं बंद. दिव्याला नवा बल्ब. डॅमियन करतोय का ते कळावं म्हणून आल्याआल्या सेन्याला विचारलं, तो कुठे आहे. ती म्हणाली, बाहेर लाकडं फोडतोय, मला कुऱ्हाडीचा आवाज येतोय. मग तोही नाही. किंवा त्याने वेळ लावून ठेवली असेल.

ती आज सरळ मुद्द्यावर आली. म्हणाली, हॉस्पिटलचे कागद तिने मागवून घेतलेत. मंगळवारी दुपारी डॉक्टर माझ्याशी बोलले, अशी त्यात नोंद आहे. मी इंजिनात कोळसा टाकत होतो, म्हणजे गेममध्ये. टाकतच राहिलो. तेवढ्यात दिवा मिचकावला, नवा बल्ब असून, आणि सगळं काळं.

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. मग लाज वाटली. मग सेन्याचा निरोप आला.

"बाबा, दर वेळी मी हे काढलं की तुझं मशीन बंद पडतं. मी मूर्ख नाहीये."

मी बंद करतो असं तिला वाटतंय! मी इथे नखाने खुणा करतोय, टेप लावतोय, आणि शेवटी संशयित मीच. सौनात हेल्वीला हे सांगितलं तर ती बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीने पाठ घासता घासता म्हणाली, तू फोन आपटला नसतास तर पोरीला असं वाटलं नसतं. मी जास्त पाणी ओतलं, म्हणजे तिला उठून बाहेर जावं लागेल.

२७ जानेवारी, सोमवार

तळ्यावरच्या खोपटापाशी हरणांचे फोटो काढायला झाडाला बांधतो तो कॅमेरा आणला. काही हललं की आपोआप फोटो काढतो, वर तारीख-वेळ छापतो. मागच्या खोलीतल्या फळीवर बसवला, तोंड टेबल आणि भिंतीतल्या सॉकेटकडे. लॅपटॉप दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, नेटची वायर इथेच येते. आता जो कोणी सॉकेटला हात लावेल तो सापडेल.

हेल्वीला सांगितलं नाही. माझी थोरली बहीण आहे, नवरा गेल्यापासून खाली तळघरातल्या दोन खोल्यांत राहते, सत्तर वर्षांची आहे. पण लॅपटॉपला ती 'ती पेटी' म्हणते आणि नाक मुरडते. संशय कुणाचाही सोडायचा नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

४:४४. सहाव्यांदा. आज सेन्या काही विचारायच्या आतच. फक्त हवापाण्याचं बोलत होतो.

कॅमेऱ्याचं कार्ड काढून पाहिलं. दोनशे साठ फोटो, त्यातले दोनशे पन्नास माझ्या टकलाचे. सॉकेटपाशी कोणी नाही. पण ४:४३ च्या फोटोत, खिडकीबाहेर, बर्फातून जाणारी हेल्वी! खांद्यावर टॉवेल, हातात बर्चच्या डहाळ्यांची जुडी. तिने खिडकीतून आत पाहिलंय, स्पष्ट दिसतंय. फोटोनंतर एका मिनिटात लॅपटॉप बंद.

मनात पाल चुकचुकली. सौनात आज तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती मात्र गुणगुणत होती.

२ फेब्रुवारी, रविवार

सेन्याचा निरोप. पुढच्या शनिवारी शेवटचं येते म्हणाली. त्यानंतर हा खेळ पुरे, तुला बोलायचं नसेल तर नाही.

सकाळपासून चार वेळा वाचला. इर्मा गेल्यावर माझं म्हणावं असं तेवढंच माणूस उरलंय. हेल्वी आहे, पण हेल्वी बहीण आहे, ती असतेच. सेन्या एकदा गेली तर परत यायची नाही, माझ्यावर गेलीय.

५ फेब्रुवारी, बुधवार

हेल्वी आज बसने नायपिगनला गेली. मैत्रिणीच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, मंगळवारी परत येईल. वेलदोड्याचा पाव भाजून ठेवलाय, फ्रीझर बंद करू नकोस अशी चिठ्ठी दारावर. मला यापेक्षा चांगली परीक्षा मिळणार नव्हती. शनिवारी घरात मी एकटा.

८ फेब्रुवारी, शनिवार

चार वाजता बसलो. पावणेपाच झाले तेव्हा नजर घड्याळावर होती. चार सत्तेचाळीस. चार पन्नास. पाच. दिवा स्थिर, पंखा चालू, बोट चालू. मी मोठ्याने हसलो तर सेन्याने विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, चाललंय. तीही हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. बर्फाखाली सापडलेल्या पोस्टाच्या पेटीची गोष्ट सांगितली तिने, मी तिच्या आईने एकदा ट्रक तळ्यावरच्या बर्फात कसा रुतवला ते सांगितलं. तीन बार्जेस एका दमात ओढून नेल्या. मी पाव खात होतो, ती म्हणाली हेल्वीआत्याचा पाव आहे ना, चावण्याचा आवाज ओळखू येतो.

मग ती मूळ मुद्द्यावर आली. म्हणाली, "मंगळवारी तुला कळलं होतं. मग मला गुरुवारी का सांगितलंस? मी विमानात असताना आई गेली, बाबा."

मशीन बंद झालं. ५:२२.

आज सौना नाही. मी स्वतः कधी लावलेला नाही, इर्मा गेल्यापासून हेल्वीच लावते.

९ फेब्रुवारी, रविवार

सेन्याचा निरोप नाही. मी लिहिला, पाठवला नाही.

तरी एक गोष्ट सिद्ध झाली. हेल्वी नव्हती तर पावणेपाच सुखरूप पार पडले. सरळ आहे. काल शेवटी बंद पडला तो कदाचित जुनेपणामुळे, एवढा वेळ तो कधी चाललाच नव्हता. कॅमेरा बघायची गरज नाही. पुरावा पुरेसा आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हेल्वी दुपारी आली. बूटसुद्धा काढू दिले नाहीत मी. टेबलावर १ तारखेचा फोटो ठेवला आणि विचारलं, शनिवारी पावणेपाचला तू माझ्या लॅपटॉपचं काय करतेस.

तिने चष्मा लावून फोटो पाहिला. मग मला पाहिलं. गिरणीत नवशिका पोरगा चुकीचा पाना घेऊन आला की आम्ही जसे बघायचो तसं.

"तौनो, आपल्या घरात शनिवारी पावणेपाचला काय होतं?"

"काय होतं?"

"रेडिओवरचं स्तोत्र संपतं आणि मी सौना लावते. आई लावायची, मग इर्मा लावायची, आता मी लावते. माझ्या हातात टॉवेल आहे, बावळटा."

मी बसलो. उठलो. लॅपटॉप लावला, गेम सुरू केला, हेल्वीला म्हटलं जा, सौना लाव. मंगळवारी? म्हणाली. मंगळवारी सौना लावायला तिला पटतच नव्हतं, दोनदा सांगावं लागलं. बडबडत गेली. बाहेरून खटका वाजला. दिव्याने डोळा मिचकावला. पडदा काळा.

पुन्हा केलं. पुन्हा काळा.

आठ किलोवॅटचा हीटर. ही खोली आणि सौना मी १९९१ मध्ये एकदमच बांधले, आणि पॅनेलपासून दोन्हींना मिळून एकच बारकी केबल ओढली. इर्मा म्हणाली होती, इलेक्ट्रिशियन बोलाव. मी म्हटलं, मला येतं. हीटर लागला की त्या केबलवरचा दाब क्षणभर पडतो. बॅटरी होती तोवर तिने ते सांभाळून घेतलं, बॅटरी गेल्यावर सांभाळायला कोणी नाही. दिवा बिचारा दर वेळी मला सांगत होता आणि मी त्याचा बल्ब बदलला.

ट्रकचा हीटर काढला, किटली काढली, माशांचा फ्रीझर काढला. सौना मनातसुद्धा आला नाही. सौनाला मी कधी वीज खाणारी वस्तू मानलंच नाही. सौना म्हणजे शनिवार.

हेल्वीची माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे, आता तापवलाय तर चल. आणि दारात थांबून विचारलं, "मग आठ तारखेला कशाने बंद पडला? मी नव्हते. सौना गार होता."

म्हटलं, डॅमियन असेल. ती टॉवेल उचलून पुढे निघाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॅमेऱ्याचं कार्ड सकाळी काढलं. दुपारपर्यंत टेबलावर पडून होतं.

५:२२ चे लागोपाठ तीन फोटो. तिन्हींत माझा उजवा हात, पहिलं बोट बंद करायच्या बटणावर. ते बटण चार सेकंद दाबून धरावं लागतं. चुकून लागलं असं होत नाही.

शनिवारी इथे मी 'मशीन बंद झालं' असं लिहिलंय. खोटं लिहितोय असं लिहिताना वाटलंही नाही, ही आणखी वाईट गोष्ट. डॅरेलचं दुकान, डॅमियनची कुऱ्हाड, सत्तर वर्षांची बहीण, सगळ्यांची झडती घेऊन झाली. सेन्याचा एकच संशय होता आणि ती सहा वेळा चुकली, सातव्यांदा बरोबर निघाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी वहीतली यादी उतरवून सेन्याला पाठवली. २८ डिसेंबर, सौना. ४ जानेवारी, सौना. ११, १८, २५, १ फेब्रुवारी, सौना. ८ फेब्रुवारी, मी. खाली केबलचं सगळं लिहिलं, आणि बोटाचा फोटो जोडला. हेल्वीला सांगितलं, आज सौना उशिरा. तिने विचारलं किती उशिरा. म्हटलं, माहीत नाही. आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं, पण ती फक्त डोकं हलवून खाली गेली.

चार वाजता बसलो. एकट्याची बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन गरम ठेवून वाट पाहत होतो. साडेचार. पावणेपाच. पाच. पाच वाजून दहा मिनिटांनी सुकाणूपाशी कोणीतरी आल्याचा ठोका वाजला.

तिने विचारायची वाट पाहिली नाही. मीच बोललो. म्हटलं, मंगळवारी दुपारी दोन वाजता डॉक्टरांनी सांगितलं की चार-पाच दिवस आहेत. तुझी आई तुझं नाव घेत होती. मी म्हणालो, सेन्याला कळवलंय, ती येतेय. खोटं बोललो तिच्याशी. बुधवारी पुन्हा विचारलं तिने, पुन्हा खोटं बोललो.

"का?" सेन्याने विचारलं.

"तुला फोन केला असता तर तू आली असतीस. तू आलीस म्हणजे ती जाणार. मला वाटलं, नाही बोलावलं तर नाही जाणार."

हे इतकं मूर्खपणाचं आहे की मी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं बेअरिंग कधी बसणार ते आवाजावरून सांगितलं, आणि घरात ऐकू येत असून कान झाकले. मला रडू आलं, हेडफोनमध्ये तिलाही ऐकू गेलं असणार. तीही रडत होती. मग चिडली, खूप चिडली, जे बोलली ते सगळं खरं होतं, मी एकदाही हात बटणाकडे नेला नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. बोट कधीच वाहत जाऊन खडकाला टेकली होती.

साडेसहाला ती विचारत होती की आईने शेवटी काय म्हटलं. मी सांगायला तोंड उघडलं, खालून हेल्वीची पावलं ऐकू आली, दार वाजलं, शनिवार तो शनिवारच असं काहीतरी पुटपुटत ती बाहेर गेली. मी ओरडेपर्यंत खटका वाजला. दिवा मिचकावला. काळं.

मी तसाच बसून राहिलो. लॅपटॉप चालू करायलासुद्धा हात उठेना. आता काय लिहून पाठवणार, पुन्हा मशीन मेलं?

स्वयंपाकघरातला फोन वाजला. त्या फोनवर तिचा आवाज चौदा महिन्यांनी.

"सौना?" तिने विचारलं.

"सौना."

"बरं. सांग पुढे."